बॉल तर थांबलेलाच असतो! हौशी गोल्फर चॅम्पियनशिप कोर्सवर किती टिकेल?

(या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी इथे वाचा. बोलण्याच्या ओघातले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

कानात इयरफोन घालून पुणे-दौंड गाडीत लटकलेल्या, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या आणि रात्री मोटर चालू करायला रानात निघालेल्या सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, खुटबावच्या पोराला गोल्फचं काय पडलंय? तर पडलंय. कारण मी ज्या आयटी कंपनीत काम करतो तिथे गोल्फवर बोलणारे लोक आहेत आणि गावी आलो की गोल्फवर हसणारे लोक आहेत. हसणाऱ्यांचा मुद्दा एकच असतो: "अरे, क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो. इथे बॉल तर थांबलेलाच असतो. त्यात काय अवघड?"

प्रश्न बरोबर आहे. म्हणून आज तो गांभीर्यानं घेऊ. एखादा हौशी गोल्फर, म्हणजे रविवारी खेळणारा, बऱ्यापैकी हात बसलेला माणूस, जर थेट मोठ्या स्पर्धेच्या कोर्सवर उतरवला, तर त्याचं काय होईल? आणि त्यातून आपल्यासारख्या, आयुष्यात गोल्फची काठी हातात न धरलेल्या पोरांनी काय घ्यायचं?

आधी एका मिनिटात खेळ समजून घेऊ. अठरा होल असतात. प्रत्येक होल ठरलेल्या फटक्यांत पूर्ण करायचा, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. जवळचा होल पार ३, मधला पार ४, लांबचा पार ५. अठरा होलचे मिळून साधारण ७० ते ७२. कमी फटके तो भारी. मधलं कापलेलं गवत म्हणजे फेअरवे, कडेचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचा खड्डा म्हणजे बंकर आणि शेवटचा गुळगुळीत भाग म्हणजे ग्रीन. होलचा व्यास सव्वाचार इंच. एवढं कळलं की पुरे.

प्रयोग खरंच झाला होता

२००७ मध्ये अमेरिकेत ओकमाँटला यूएस ओपन होती. टायगर वुड्स तेव्हा जगात एक नंबर. तो म्हणाला की दहा हँडिकॅपचा खेळाडू या कोर्सवर १०० फटक्यांच्या आत येऊच शकत नाही. आता दहा हँडिकॅप म्हणजे क्लबात चांगला खेळाडू. साध्या कोर्सवर त्याच्या चांगल्या दिवशी तो ८२-८३ मध्ये फेरी संपवतो. त्यामुळे बऱ्याच लोकांना हे झोंबलं.

मग गोल्फ डायजेस्ट या मासिकानं २००८ मध्ये प्रयोगच केला. यूएस ओपन टोरी पाइन्सला होती. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात, स्पर्धेसाठी तयार केलेल्या त्याच कोर्सवर चार हौशी खेळाडू उतरवले. अमेरिकन फुटबॉलपटू टोनी रोमो, गायक जस्टिन टिंबरलेक, टीव्हीवाला मॅट लाउअर आणि स्पर्धेतून निवडलेला एक सामान्य वाचक. चौघंही नवखे नव्हते, चौघांचेही हँडिकॅप दहाच्या आतले होते.

निकाल ऐका. रोमो ८४. टिंबरलेक ९८. लाउअर बरोब्बर १००. आणि तो सामान्य वाचक ११४.

तिथे पार होतं ७१. त्यानंतर खरी स्पर्धा झाली, टायगर वुड्सनं ती जिंकली, आणि चार दिवसांच्या ७२ होलनंतर त्याचा स्कोअर होता पारपेक्षा फक्त एक कमी. म्हणजे जगातला सगळ्यात भारी माणूस चार दिवस घासून पारच्या एक खाली आणि क्लबातला भारी माणूस एका दिवसात पारच्या २७ ते ४३ वर. रोमो सोडा, तो व्यावसायिक खेळाडूच होता, फक्त दुसऱ्या खेळातला.

फरक पडतो कुठे?

आता आपण इंजिनीअर माणसं, नुसता निकाल बघून गप्प बसत नाही. लॉग काढून बघायचे.

पहिली गोष्ट, लांबी. त्या वेळी टोरी पाइन्स ७,६४३ यार्डांचा होता. म्हणजे जवळपास सात किलोमीटर. आता पार ४ चा ४५० यार्डांचा एक होल घ्या. पीजीए टूरचा खेळाडू पहिला फटका सरासरी ३०० यार्डांच्या आसपास मारतो. उरले १५०. हौशी पुरुष खेळाडूचा सरासरी पहिला फटका सव्वादोनशेच्या आतबाहेर. उरले सव्वादोनशे. म्हणजे पहिल्या फटक्याएवढाच लांब दुसरा फटका, तोही टीवर नाही, जमिनीवरून, आणि छोट्याशा ग्रीनवर थांबवायचा. दोघं एकाच होलवर उभे आहेत, पण दोघांसमोरचं गणित वेगळं आहे.

दुसरी गोष्ट, दिशा. हे मला सगळ्यात आवडतं, कारण यात दहावीची त्रिकोणमिती कामाला येते. फेअरवे २६ यार्ड रुंद धरा, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १३ यार्ड. तुमचा फटका फक्त ५ अंशांनी वाकडा गेला. ५ अंश म्हणजे किती? घड्याळाचा काटा एका मिनिटाला ६ अंश सरकतो, त्याहूनही कमी. तर २२५ यार्डांवर जाईपर्यंत बॉल जवळजवळ २० यार्ड बाजूला गेलेला असतो. म्हणजे रफमध्ये. आणि ३०० यार्ड मारणाऱ्याला फेअरवेत राहायचं तर चूक अडीच अंशांच्या आत ठेवावी लागते. जो लांब मारतो त्यालाच जास्त अचूक असावं लागतं. तुमच्या क्लबच्या कोर्सवर कडेला गवत घोट्याखाली असतं, बॉल सापडतो, पुढे मारता येतो. स्पर्धेच्या कोर्सवर मुद्दाम वाढवलेलं ओलं, दाट गवत. पाणी दिलेल्या लसूणघासात हरवलेला बॉल शोधून बघा आणि मग तो काठीनं बाहेर काढून बघा, म्हणजे कळेल.

तिसरी गोष्ट, ग्रीन. ग्रीनवर बॉल किती पळतो हे मोजायला स्टिंपमीटर नावाची एक पट्टी असते. साधी खाच असलेली, साधारण तीन फूट लांब. बॉल तिच्यावर ठेवायचा, एक टोक उचलायचं, बॉल घसरला की सपाट ग्रीनवर किती फूट गेला ते मोजायचं. आठ-नऊ फूट गेला तर साधं ग्रीन. मोठ्या स्पर्धांत हा आकडा १२-१३ च्या पुढे जातो. फरक कळायचा असेल तर गोटी आधी शेणानं सारवलेल्या अंगणात टाका आणि मग शहाबादी फरशीवर टाका. हात तोच, जोर तोच, गोटी कुठल्या कुठे. यात गंमत अशी की ही पट्टी ज्याच्या नावानं ओळखली जाते तो एडवर्ड स्टिंपसन स्वतः हौशी खेळाडू होता. १९३५ ची ओकमाँटची यूएस ओपन बघताना त्याला वाटलं की ग्रीन वाजवीपेक्षा जास्त वेगवान आहेत, पण सिद्ध करायला काही साधन नव्हतं. मग त्यानं साधन बनवलं. तक्रार करत बसला नाही, मोजमाप आणलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बहुतेकांना वाटतं की खरा फरक या ग्रीनवरच असतो. तर कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांचा डेटा लावून बघितला. त्यांचं उत्तर उलटं निघालं. व्यावसायिक आणि हौशी यांच्यातल्या फरकापैकी साधारण दोनतृतीयांश फरक १०० यार्डांबाहेरच्या फटक्यांतून येतो. पटिंगचं म्हणाल तर पीजीए टूरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. आठ फूट! खाटेपेक्षा थोडं लांब. म्हणजे टीव्हीवर आपण जे बघतो ते त्या दिवशी ज्याचं सगळं जमून आलंय त्याचं बघतो. कॅमेरा चुकणाऱ्याकडे जात नाही.

हँडिकॅप: लोकांना वाटतं तो आकडा नाही

आता थोडं गणित. कंटाळू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होईल.

हँडिकॅप म्हणजे तुम्ही पारपेक्षा सरासरी किती जास्त घेता, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये. २०२० पासून जगभर जी पद्धत आली तिच्यात तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात. म्हणजे तो आकडा तुमच्या चांगल्या दिवसांचा असतो, रोजचा नाही. वर एखाद्या होलवर तुम्ही १२ फटके घेतले तर ते सगळे मोजत नाहीत, एका मर्यादेवर कापतात. खऱ्या चॅम्पियनशिपमध्ये बारा म्हणजे बारा.

आणि प्रत्येक कोर्सला स्लोप रेटिंग असतं. मधला कोर्स ११३, सगळ्यात कठीण १५५. समजा, तुमचा इंडेक्स १८ आहे. समोरचा कोर्स पार ७२, त्याचं कोर्स रेटिंग ७७ आणि स्लोप १४५. गणित असं: १८ गुणिले १४५ भागिले ११३, म्हणजे साधारण २३. त्यात ७७ वजा ७२ चे ५ मिळवा. झाले २८. म्हणजे तुमच्या चांगल्या दिवशी ७२ अधिक २८, बरोबर १००. रोजच्या दिवशी त्याहून चार-पाच जास्त. आणि हे रेटिंग कोर्सच्या नेहमीच्या अवस्थेचं. स्पर्धेसाठी रफ वाढवलं, ग्रीन फरशीसारखी केली, होल कोपऱ्यात नेऊन पाडले की ११०-११५. टोरी पाइन्सच्या त्या ११४ ची जात हीच.

आम्ही ऑफिसमध्ये याला म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालत होतं'. लॅपटॉपवर दहा युजर घेऊन टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर लाखो लोकांसमोर टाकलं की जे होतं तेच हे. कोड तोच असतो. परिस्थिती बदलते आणि परिस्थिती तुमची प्रत्येक छोटी चूक मोठी करून दाखवते. साध्या कोर्सवर पाच अंशांची चूक माफ होते. चॅम्पियनशिप कोर्सवर तीच चूक दोन फटक्यांना पडते.

याचं टोकाचं उदाहरण १९७६ चं. इंग्लंडमधला मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट, शिपयार्डात क्रेन चालवणारा माणूस. त्यानं आयुष्यात कधी पूर्ण अठरा होल खेळले नव्हते म्हणतात. अर्जावर स्वतःला व्यावसायिक लिहिलं आणि ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीत जाऊन उभा राहिला. स्कोअर १२१, पारपेक्षा ४९ जास्त. लोक हसले, आयोजक चिडले, नियम कडक झाले. तरी पुढे तो नाव बदलून पुन्हा पुन्हा घुसत राहिला. त्याच्यावर २०२१ मध्ये सिनेमाही निघाला.

मला त्याच्याबद्दल हसण्याइतकाच आदरही वाटतो. कारण १२१ हा खरा आकडा आहे. पारावर बसून "मी असतो तर मारला असता" म्हणणाऱ्या आपल्यापैकी कुणाकडे स्वतःचा आकडाच नाही.

हौशी म्हणजे कच्चा नव्हे

इथे एक गैरसमज काढून टाकू. हौशी म्हणजे जो बक्षिसाचे पैसे घेत नाही तो. कच्चा असा त्याचा अर्थ नाही. १९३० मध्ये बॉबी जोन्सनं अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या आणि तो शेवटपर्यंत हौशीच होता. आपल्याकडे इंडियन ओपन १९६४ ला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६५ ला, ती बिल्लू सेठी या हौशी भारतीयानं जिंकली, व्यावसायिकांना मागे टाकून. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये, निक डनलप या कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं पीजीए टूरची स्पर्धा जिंकली. हौशी असल्यामुळे पहिल्या क्रमांकाचे पंधरा लाख डॉलर त्याला घेता आले नाहीत, ते दुसऱ्या क्रमांकाला गेले.

मग हे तिघं आणि ते ११४ वाले यांच्यात फरक काय? पैसे घेणं-न घेणं नाही. लहानपणापासून तसल्या कोर्सवर, तसल्या स्पर्धेत, मोजमापाखाली खेळलेली वर्षं हा फरक आहे.

आता आपल्याकडे या

पुण्यात येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्याला पूना क्लबचं गोल्फ कोर्स आहे. तिथे व्यावसायिक टूरच्या स्पर्धा होतात. जगात नाव काढलेला अनिर्बन लाहिरी जन्मानं पुण्याचा. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला होता. आणि टोकियो ऑलिंपिकला आपला उदयन माने खेळला. अर्जेंटिनाच्या खेळाडूनं माघार घेतल्यावर ऐन वेळी त्याला जागा मिळाली, तो ५६ वा आला. साठ खेळाडूंत ५६ वा म्हटलं की आपली पोरं लगेच तोंड वाकडं करतात. पण आपण आत्ता जे गणित केलं ते आठवा. त्या ५६ व्या माणसाला टोरी पाइन्सवर उभा केला असता तर त्या चौघांत पहिला आला असता, आणि लांबनं आला असता.

आता जमिनीचं बघा. अठरा होलच्या कोर्सला सव्वाशे-दीडशे एकर तरी लागतात. आमच्याकडे खुटबावला चार एकर उसाला कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं तर माणूस स्वतःला बागायतदार म्हणवतो. त्यामुळे आपल्या गावात गोल्फ कोर्स होणार नाही, आणि व्हावं असं माझं म्हणणंही नाही. मुद्दा वेगळाय. अधिकृत हँडिकॅप काढायचा तर साधारणपणे क्लब लागतो. क्लब म्हणजे सभासदत्व, सभासदत्व म्हणजे पैसे. म्हणजे खेळता येणं ही एक गोष्ट आणि खेळता येतं हे कागदावर येणं ही दुसरी.

आणि तरी या खेळात भारताची काही मोठी नावं कुठून आली? अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायचा. त्यानं १९९१ आणि १९९३ अशी दोनदा इंडियन ओपन जिंकली. शिवशंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये ग्रीन सांभाळायचे. पोरगं तिथेच बघून बघून शिकलं आणि २०१६, २०१७ अशी सलग दोन वर्षं त्यानं इंडियन ओपन जिंकली. २०१७ ला तर गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर, जिथे भलेभले रडतात, सात फटक्यांनी जिंकली. या दोघांकडे बाकी काही नसेल, पण एक गोष्ट होती: रोज पाय त्या गवतावर होते.

आपल्या मातीतलं उदाहरण देऊन संपवतो. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. मातीत कुस्ती खेळून मोठे झालेले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती. नियम वेगळे, पाय टेकण्याची पकड वेगळी. तरी सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यासाठी गावानं वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं. मातीपासून मॅटपर्यंतचं अंतर पार करायला ताकद होतीच. सहाव्यावरून तिसऱ्यावर यायला मॅट लागली, सराव लागला आणि दुसऱ्या कुणाचं तरी घर गहाण पडलं.

म्हणून "बॉल थांबलेला असतो, त्यात काय अवघड" याला माझं उत्तर असं. बॉल थांबलेला असतो म्हणूनच अवघड. क्रिकेटमध्ये चुकलो तर बोलरनं चांगला टाकला म्हणता येतं. इथे सगळी चूक तुमच्या नावावर. हौशी माणूस चॅम्पियनशिप कोर्सवर गेला तर शंभरच्या पुढे जाईल, बहुतेक ११० च्या पुढे. पण त्यात लाज कसली? तो आकडा म्हणजे सुरुवात.

आपल्या भागात टेनिस बॉलवर पोरं काय एकेक षटकार मारतात, तुम्हाला माहितीये. टेनिस बॉल ५८ ग्रॅमचा, लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. ताशी १४० किलोमीटरनं आलेला बॉल क्रीजपासून क्रीजपर्यंत अर्ध्या सेकंदात येतो. त्यातला कोण टिकेल, कोण नाही, हे आपल्याला माहीत नाही, कारण कुणी मोजलेलंच नाही. तेव्हा या रविवारी एक काम करा. गावातल्या त्या एखाद्या पोराला जवळच्या गावात जिथे लेदर बॉलवर नेट लागतं तिथे गाडीवर घालून न्या. शंभर बॉल खेळू द्या आणि वहीत लिहा: किती लागले, किती चुकले, किती वेळा दांडी उडाली. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा. दांडी साठ वेळा उडाली तरी चालेल. आकडा असला की त्याच्यावर काम करता येतं.

काय आकडे आले ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात. रामराम!